उंच स्टील बिल्डिंगचं सुरुवातीचं डिझाइन: सॉफ्टवेअर उघडायच्या आधी काय करायचं

आर्किटेक्टकडून पहिलं स्केच आलं की नवीन इंजिनिअरचा हात आपोआप ईटॅब्सकडे, म्हणजे बिल्डिंगचं मॉडेल बनवून हिशोब करणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, जातो. मीही तेच करायचो, दोन दिवस मॉडेल बनवायचं, मग ड्रिफ्ट (वाऱ्याने बिल्डिंगचं आडवं सरकणं) फेल दिसला की बीम-कॉलमचे सेक्शन वाढवायचे, परत रन, परत वाढवायचे, आणि शेवटी कॉलम एवढे जाड व्हायचे की आर्किटेक्ट बघतच राहायचा. खरं तर उंच बिल्डिंगमधले मोठे निर्णय पहिल्या दोन-तीन आठवड्यांत होऊन जातात आणि ते कागदावर, कॅल्क्युलेटरवर करता येतात. त्यासाठी एक उदाहरण घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊ, आकडे सोपे ठेवलेत म्हणजे तुम्हाला शेजारी वही घेऊन करता येतील.

उदाहरण असं: ४० मजली ऑफिस बिल्डिंग, प्रत्येक मजला ४ मीटर, म्हणजे उंची १६० मीटर. प्लॅन ३६ बाय ३६ मीटर, मध्ये १२ बाय १२ चा कोअर ज्यात लिफ्ट, जिने, टॉयलेट, शाफ्ट. कोअरपासून बाहेरच्या काचेपर्यंत सगळीकडे १२ मीटर मोकळी जागा. बाहेरचे कॉलम ९ मीटरवर.

पहिलं काम: वजन काढा

उंच बिल्डिंग म्हटली की सगळे आधी वाऱ्याकडे पळतात, पण आधी वजन काढा, कारण पुढे वाऱ्याशी भांडायला हेच वजन उपयोगी पडणार आहे. डेक शीटवर १३० मिमीचा स्लॅब धरला तर साधारण २.५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, स्टीलचं स्वतःचं वजन १, फिनिशिंग, सीलिंग, डक्ट आणि पार्टिशन मिळून १.५, आणि बाहेरच्या काचेचं वजन मजल्यावर पसरवलं तर ०.५. झाले ५.५, हा डेड लोड, म्हणजे कायमचं वजन. लाइव्ह लोड, म्हणजे माणसं आणि सामान, ऑफिसला मजल्यावर २.५ ते ३ असतो, पण खालच्या कॉलमला सगळे मजले एकाच वेळी भरलेले नसतात म्हणून कोड (डिझाइनची नियमावली) कपात देतो, ती धरून १.५ घ्या. म्हणजे कॉलमसाठी एकूण ७.

आता बाहेरच्या एका कॉलमवर ९ गुणिले ६ म्हणजे ५४ चौरस मीटर मजला येतो. ५४ गुणिले ४० गुणिले ७ केलं की तळाला साधारण १५,१०० किलोन्यूटन. ३४५-३५० ग्रेडचं स्टील असेल तर सुरुवातीला २०० न्यूटन प्रति चौरस मिमीचा स्ट्रेस धरून भागा, ७५,६०० चौरस मिमी एरिया लागतो. ६०० मिमीचा चौकोनी बॉक्स ३५ मिमी प्लेटचा घेतला तर ७९,१०० मिळतो, झाला कॉलम. पाच मिनिटांचं काम आहे आणि आर्किटेक्टला त्याच मीटिंगमध्ये सांगता येतं की तळाला फायरप्रूफिंग आणि क्लॅडिंगसकट साधारण ७५० मिमीची जागा सोड.

मजला आणि उंची

१२ मीटरचा कॉम्पोझिट बीम, म्हणजे वर शिअर स्टड वेल्ड करून स्लॅबबरोबर काम करणारा, स्लॅब धरून एकूण खोली स्पॅनच्या विसाव्या भागाएवढी धरा. इथे ६०० च्या आसपास, त्यातला स्टील बीम ५०० च्या आतबाहेर. बीम एकमेकांपासून ३ मीटरवर ठेवा, कारण नेहमीचं डेक शीट खाली टेकू न लावता साधारण तेवढंच जातं आणि टेकू टाळणं हाच तर स्टीलचा फायदा आहे, खाली कुणी टेकू काढायची वाट बघत बसत नाही.

मजल्याच्या उंचीचा हिशोब मात्र मिमी-मिमीने करा. आपल्या उदाहरणात २७०० मोकळी उंची, १५० सीलिंग आणि लाइट, ४०० डक्ट आणि स्प्रिंकलर, ५०० बीम, १३० स्लॅब, १२० वरचा रेझ्ड फ्लोअर, बेरीज बरोबर ४०००. आता बीमच्या वेबला भोकं ठेवून डक्ट त्यातूनच नेला तर मजल्याला ३०० मिमी वाचू शकतात. ४० मजल्यांना १२ मीटर. तेवढ्याच उंचीत तीन मजले जास्त बसतात किंवा मग बिल्डिंग तेवढी बुटकी होते, वारा कमी, काच कमी, कॉलम कमी. म्हणून एअर कंडिशनिंगवाल्या इंजिनिअरला पहिल्याच आठवड्यात बोलवा, नंतर भोकं पाडायला गेलात तर प्रत्येक भोकासाठी वाद होतो.

आता वारा, आणि इथेच खरं डिझाइन आहे

दाबाचं साधं सूत्र ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. वेग मीटर प्रति सेकंदात, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये. ४५ चा वेग धरला तर १२१५, आणि समोरचा दाब व मागची ओढ मिळून १.३ ने गुणलं की १.५ किलोन्यूटनच्या थोडं वर जातं. आपण पूर्ण उंचीला सरासरी १.५ धरू. खऱ्या कामात तुमच्या जागेचा वेग कोडमधूनच घ्यायचा, हे फक्त अंदाजाला.

१.५ गुणिले ३६ गुणिले १६० म्हणजे ८,६४० किलोन्यूटन बेस शिअर (तळाशी येणारा एकूण आडवा जोर). वर वारा जास्त म्हणून तो उंचीच्या ०.५५ वर लागतो असं धरा, ८८ मीटर. ओव्हरटर्निंग मोमेंट, म्हणजे बिल्डिंग उलथवू बघणारा मोमेंट, आला साधारण ७,६०,००० किलोन्यूटन-मीटर. हा एक आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठा लिहून ठेवा.

आता प्रश्न विचारा की हा मोमेंट घेणार कोण? सोपं उत्तर म्हणजे कोअरला ब्रेसिंग, म्हणजे तिरके मेंबर, लावा आणि बाहेरचे कॉलम फक्त वजन घेतील. करून बघू. कोअरची रुंदी १२, म्हणजे एका बाजूला ओढ आणि दुसऱ्या बाजूला दाब ७,६०,००० भागिले १२, साधारण ६३,००० किलोन्यूटन. कोअरवर वजन किती आहे? कोअर आणि त्याच्या भोवतीचा अर्धा स्पॅन मिळून २४ बाय २४, ५७६ चौरस मीटर, गुणिले ४० गुणिले ५.५, साधारण १,२६,७०० किलोन्यूटन, अर्धं एका बाजूला म्हणजे ६३,३००. म्हणजे नुसत्या वाऱ्याने कोअरची एक बाजू उचलली जाण्याच्या काठावर आलीये! आणि अजून सुरक्षिततेचे फॅक्टर लावलेच नाहीयेत. डेड लोड ०.९ ने गुणून कमी केला आणि वारा १.५ ने गुणून वाढवला की ५७,००० विरुद्ध ९५,०००, म्हणजे ३८,००० किलोन्यूटन अपलिफ्ट (वर उचलणारी ओढ). एवढी ओढ बेस प्लेटच्या बोल्टमधून पाइलमध्ये नेणं म्हणजे फाउंडेशनवाल्याची झोप गेली समजा.

तेच आता बाहेरच्या कॉलमकडून करून घेतलं तर? रुंदी ३६, ओढ २१,००० च्या आसपास, फॅक्टर लावून ३१,७००. बाहेरच्या एका बाजूवर, पूर्ण मजल्यातून कोअरकडचे ५७६ वजा करून उरलेल्याचा चौथा भाग, म्हणजे १८० चौरस मीटर गुणिले ४० गुणिले ५.५, म्हणजे ३९,६०० डेड लोड, ०.९ लावून ३५,६००. उचललं जातच नाही.

ड्रिफ्टमध्ये फरक अजून जास्त दिसतो. टोकाला उंचीच्या ५०० व्या भागाएवढी हालचाल चालते असं धरलं तर आपल्याला ३२० मिमी मिळतात, त्यातले २०० मिमी कॉलमच्या लांब-आखूड होण्याला ठेवू आणि उरलेले ब्रेसिंग किंवा फ्रेमच्या शिअरला. कॅन्टिलिव्हरचं पुस्तकातलं सूत्र, w गुणिले उंचीचा चौथा घात भागिले ८ ई आय (ई म्हणजे स्टीलचा कडकपणा, आय म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया), घालून बघा. w म्हणजे मीटरला ५४ किलोन्यूटन. मोमेंट ऑफ इनर्शिया लागतो साधारण ११० मीटरचा चौथा घात. कोअरच्या १२ मीटरवर हे मिळवायचं तर एका बाजूला १.५४ चौरस मीटर स्टील पाहिजे. ३६ मीटरवर मिळवायचं तर फक्त ०.१७. अंतर तिप्पट केलं की स्टील नवव्या भागावर येतं, कारण अंतराचा वर्ग होतो.

आणि आता जुन्या आकड्यांकडे परत जा. वजनासाठी बाहेरच्या एका बाजूला तळाशी किती स्टील तसंही लागणार होतं? १८० गुणिले ४० गुणिले ७, ५०,४०० किलोन्यूटन, २०० ने भागून ०.२५ चौरस मीटर. म्हणजे वाऱ्याला लागणाऱ्या ०.१७ पेक्षा जास्त स्टील वजनासाठी आधीच तिथे उभं आहे! कोअरमध्ये मात्र वजनासाठी एका बाजूला ०.४ लागतं आणि वाऱ्यासाठी १.५४ मागतोय. मला विचाराल तर उंच स्टील बिल्डिंगच्या सुरुवातीच्या डिझाइनमधला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे: वजनासाठी जे स्टील आधीच उभं आहे ते वाऱ्याच्या कामाला कसं जुंपायचं. फझलुर खान या बांगलादेशी-अमेरिकन इंजिनिअरने १९६०च्या दशकात नेमका हाच विचार मांडला, की उंचीमुळे वाऱ्यासाठी जे जास्तीचं स्टील द्यावं लागतं ते शून्याच्या जवळ आणायचं. एम्पायर स्टेट, १९३१ साली झालेली, ३८१ मीटर, तिला चौरस मीटरला साधारण २०६ किलो स्टील लागलं. खान यांचं शिकागोतलं १०० मजली जॉन हॅनकॉक सेंटर, बाहेरून मोठ्या फुल्या दिसतात ते, १४५ किलोच्या आसपास झालं. आणि १९७४ चा ४४२ मीटरचा सिअर्स टॉवर, नऊ नळ्या एकत्र बांधल्यासारखा, १६१ च्या आसपास.

सिस्टिम निवडायची कशी

पुस्तकात मजल्यांप्रमाणे तक्ते असतात, साध्या मोमेंट फ्रेम (ब्रेसिंग नाही, बीम-कॉलमचे जॉइंटच कडक) २० मजल्यांपर्यंत, ब्रेस केलेला कोअर ३०-४० पर्यंत वगैरे. तक्ता बघा पण कोअरची उंची भागिले रुंदी आधी बघा. आपल्याकडे १६० भागिले १२, म्हणजे १३ च्या वर. १० ते १२ च्या पुढे गेलं की नुसत्या कोअरवर भागत नाही हे वरच्या आकड्यांनीही दाखवलंच.

मग पर्याय काय. एक म्हणजे आउटरिगर, कोअरपासून बाहेरच्या कॉलमपर्यंत एक-दोन मजले खोलीचे ट्रस, आणि बाहेरून बेल्ट ट्रस म्हणजे सगळे कॉलम कामाला लागतात. कोअर झुकायला लागला की आउटरिगर बाहेरच्या कॉलमला एका बाजूला दाबतो आणि दुसऱ्या बाजूला ओढतो. एकच आउटरिगर असेल तर ड्रिफ्टसाठी तो उंचीच्या मध्याच्या आसपास सगळ्यात चांगला, टोपीसारखा अगदी वर ठेवणं एवढं उपयोगी नाही. दोन असतील तर साधारण एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांशावर. पण जागा शेवटी मशिनरीच्या मजल्यावरच मिळते, ऑफिसमधून एवढे मोठे तिरके मेंबर कुणी जाऊ देत नाही, म्हणून मशिनरीचे मजले कुठे येणार हे ठरत असताना तुम्ही त्या मीटिंगमध्ये असायलाच पाहिजे. आणि लक्षात ठेवा, आउटरिगर बाहेरच्या बाजूंना पूर्ण कामाला लावत नाही, वर काढलेला ३६ मीटरचा हिशोब ही आदर्श स्थिती आहे, खऱ्यात कोअरचा मोमेंट बऱ्याचदा एक-तृतीयांशाच्या आसपास कमी होतो, उरलेला कोअरलाच घ्यावा लागतो.

दुसरा पर्याय ट्यूब. बाहेरचे कॉलम ३ ते ४.५ मीटरवर आणि त्यांना जोडणारे बाहेरच्या कडेचे खोल बीम (स्पँड्रल), सगळी बाहेरची भिंतच एक नळी. आपल्या ९ मीटरवर हे होणार नाही, बीम लवचीक पडतात आणि कोपऱ्यातले कॉलम जास्त ओझं घेऊन मधले रिकामे राहतात, याला शिअर लॅग म्हणतात. तिसरा म्हणजे बाहेरून मोठं ब्रेसिंग, हॅनकॉकसारखं. स्टील सगळ्यात कमी, पण खिडकीतून तिरका मेंबर दिसणार हे आर्किटेक्टला आणि मालकाला मनापासून पटलेलं पाहिजे, नाहीतर सहाव्या महिन्यात तो काढायला सांगतात आणि तुम्ही परत पहिल्या पानावर.

आपल्या उदाहरणाला मी ब्रेस केलेला कोअर अधिक दोन आउटरिगर घेईन. ब्रेसिंगच्या जागा ठरवताना लिफ्ट लॉबीचे दरवाजे प्लॅनवर लाल पेनाने मार्क करा. एकदा आम्ही छान एक्स ब्रेसिंग दाखवून मोकळे झालो आणि नंतर कळलं की तिरका मेंबर सर्व्हिस लिफ्टच्या दारातून जातोय, सगळ्या मजल्यांवर. मग शेवरॉन, म्हणजे उलट्या व्ही आकाराचं ब्रेसिंग, केलं, कडकपणा कमी झाला, स्टील वाढलं. प्लॅनवर दहा मिनिटं बघितलं असतं तर टळलं असतं.

वारा फक्त समोरून धरू नका. न्यूयॉर्कच्या सिटीकॉर्प सेंटरची गोष्ट प्रत्येक नवीन इंजिनिअरने समजून घ्यावी. ५९ मजली, १९७७ ला पूर्ण, खालचे मोठे कॉलम कोपऱ्यांवर नसून बाजूंच्या मध्यावर. तिचे स्ट्रक्चरल इंजिनिअर विल्यम लेमेझरर यांना १९७८ मध्ये लक्षात आलं की तिरक्या वाऱ्यात ब्रेसमधले फोर्स वाढतात, आणि वेल्डऐवजी बोल्टचे जॉइंट केल्यामुळे ते पुरेसे नाहीत. मग रात्री-रात्री जॉइंटवर प्लेटा वेल्ड करून दुरुस्ती झाली. म्हणून चार दिशा आणि चार कोपरे, दोन्ही सुरुवातीपासून.

झुलणं आणि माणसांना जाणवणं

ड्रिफ्ट पास झाला म्हणजे संपलं असं नाही. बिल्डिंगचा पिरियड, म्हणजे एकदा झुलून परत यायला लागणारा वेळ, अंदाजे मजल्यांच्या दहाव्या भागाएवढे सेकंद, म्हणजे ४ सेकंद. दुसरा अंदाज उंची भागिले ४६, तो ३.५ देतो. दोन्ही जवळ आले म्हणजे बरं. आता वाऱ्याचे भोवरे आळीपाळीने दोन्ही कडांवरून सुटतात आणि बिल्डिंगला आडवं हलवतात, त्यांचा ताल बिल्डिंगच्या तालाशी जुळला की त्रास. धोक्याचा वेग म्हणजे फ्रिक्वेन्सी गुणिले रुंदी भागिले ०.१२, चौकोनी प्लॅनला साधारण. आपल्याला ०.२५ गुणिले ३६ भागिले ०.१२, म्हणजे ७५ मीटर प्रति सेकंद, खूप लांब आहे. पण समजा प्लॅन २० मीटर रुंद आणि पिरियड ५ सेकंद असता तर तोच वेग ३३ वर आला असता, आणि तो तर वादळात येतोच. अशा सडपातळ बिल्डिंगला कोपरे कापणं, गोल करणं, वर जाताना प्लॅन बदलणं हे स्टील वाढवण्यापेक्षा स्वस्त पडतं आणि हे फक्त सुरुवातीलाच करता येतं.

स्टीलमध्ये डॅम्पिंग, म्हणजे झुलणं आपोआप विरत जाणं, कमी असतं, रोजच्या वाऱ्याला १ टक्का धरा. वरच्या मजल्यावर प्रवेग ऑफिसला साधारण २०-२५ मिली-जी (जी म्हणजे गुरुत्वप्रवेग, त्याचा हजारावा भाग) च्या आत आणि राहत्या घरांना १०-१५ च्या आसपास ठेवायचा, कारण झोपलेल्या माणसाला हालचाल जास्त जाणवते. नाही बसलं तर डॅम्पर, म्हणजे झुलणं कमी करणारी यंत्रणा. तैवानच्या तैपेई १०१ टॉवरमध्ये ६६० टनांचा गोळा लटकवलाय तो याचसाठी. त्याला जागा आणि वजन दोन्ही लागतं, म्हणून लागू शकेल अशी शंका जरी आली तरी वरचा एक मजला राखून ठेवायला सांगा.

भूकंप

स्टीलची बिल्डिंग हलकी आणि पिरियड लांब, त्यामुळे उंच बिल्डिंगला भूकंपाचा फोर्स वजनाच्या टक्क्यांत कमी येतो. डेड लोडच्या ३ टक्के जरी धरला तरी ८,५०० किलोन्यूटन, आपल्या वाऱ्याएवढाच. पण फोर्स सारखा आला म्हणून डिझाइन सारखं होत नाही, वाऱ्यात स्टील इलास्टिक राहायला हवं आणि भूकंपात ठरवलेल्या जागी वाकून ऊर्जा खायला हवी. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात वेल्ड केलेल्या मोमेंट जॉइंटला तडे गेले होते आणि त्यानंतर जॉइंटचे नियमच बदलले, म्हणून मोमेंट फ्रेम घेत असाल तर जॉइंटचा प्रकार सुरुवातीलाच ठरवा, डिटेलिंगवर सोडू नका.

जे नवीन लोक विसरतात

कॉलम आखूड होतात. डेड लोडखाली सरासरी १३० चा स्ट्रेस असेल तर १६० मीटरला १०४ मिमी. सगळे सारखे आखूड झाले तर फॅब्रिकेटर लांबी थोडी जास्त कापून सांभाळतो, पण कोअर आणि बाहेरचे कॉलम वेगवेगळे झाले तर मजले तिरके होतात आणि आउटरिगरमध्ये न मागता फोर्स घुसतो. म्हणून आउटरिगरचे शेवटचे बोल्ट बिल्डिंग बरीच वर गेल्यावर घट्ट करतात. कोअर काँक्रीटचा असेल तर क्रीप (सततच्या भाराखाली काँक्रीटचं हळूहळू आखूड होणं) आहेच, तो वर्षानुवर्षं चालतो.

प्लेटची जाडी. ४० मिमीच्या वर गेलं की यील्ड (ज्या स्ट्रेसला स्टील कायमचं वाकायला लागतं तो) कमी धरावं लागतं, वेल्डला आधी तापवावं लागतं, आणि मिळायला वेळ लागतो. शक्य तिथे जाडीऐवजी बॉक्स मोठा करा. कॉलम दोन किंवा तीन मजल्यांचा एक तुकडा असा येतो, जॉइंट मजल्याच्या साधारण मीटरभर वर म्हणजे माणूस उभा राहून काम करू शकतो. तळाच्या बॉक्सचं मीटरला वजन ६२० किलो, म्हणजे १२ मीटरचा तुकडा साडेसात टन, क्रेनवाल्याला हा आकडा लवकर द्या.

आग. ५५०-६०० अंशांच्या आसपास स्टीलची ताकद निम्म्यावर येते, म्हणून कोटिंग किंवा बोर्डाची जाडी पहिल्या ड्रॉइंगपासून कॉलमच्या मापात धरा.

आता ईटॅब्स उघडा

मॉडेल बनल्यावर पहिल्यांदा चार आकडे जुळवा: एकूण वजन, बेस शिअर, ओव्हरटर्निंग मोमेंट, पिरियड. १०-१५ टक्क्यांत जुळले नाहीत तर पुढे जाऊ नका, चूक शोधा, मॉडेलमध्ये असेल किंवा तुमच्या वहीत. पी-डेल्टा, म्हणजे झुकलेल्या बिल्डिंगच्या वजनाने वाढणाऱ्या मोमेंटचा हिशोब, चालू ठेवा. मग स्टीलचं वजन काढा, आपल्या ५१,८४० चौरस मीटरला १०० किलोने ५,१८४ टन. इथे १० किलोची चूक म्हणजे ५०० टनांच्या वर, आणि मालक बजेट याच आकड्यावर ठरवणार असतो, त्यामुळे आकडा देताना त्यात कनेक्शनच्या प्लेटा धरल्यात की नाही ते शेजारीच लिहा, त्या साधारण १० टक्के होतात.

आणि विंड टनेल, म्हणजे छोट्या मॉडेलवर वारा सोडून चाचणी, करायची असेल तर ती करणाऱ्यांना मजल्यागणिक वजन, पहिले तीन पिरियड आणि मोड शेप (बिल्डिंग झुलताना घेते ते आकार) लागतात. ते बाहेरचा आकार पक्का होण्याआधी पाठवा, म्हणजे कोपरा कापायची वेळ आलीच तर आर्किटेक्टच्या हातात अजून पेन्सिल असेल.